गोळीबार झाला त्याच चौकात आवाजावर पेटणारा झोत: स्मारक की तमाशा?

खिडकीपाशी:
मेक्सिको सिटीत त्लातेलोल्को चौकात २ ऑक्टोबर १९६८ ला सैन्याने विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळ्या झाडल्या, ऑलिंपिक १० दिवसांवर आलेलं, किती मेले यावर अजून वाद आहे. ४० वर्षांनी, २००८ मध्ये, कलाकार राफाएल लोसानो-हेमेरने तिथेच मेगाफोन ठेवला. कलाकृतीचं नाव 'वोस आल्ता', म्हणजे मोठ्याने. कुणीही यावं, बोलावं. आवाज चढला की १० किलोवॉटचा सर्चलाइट प्रखर व्हायचा, गप्प झालं की अंधार. झोत समोरच्या जुन्या परराष्ट्र खात्याच्या इमारतीच्या माथ्यावर पडायचा नि तिथून अजून ३ झोत शहरभर जायचे. मला हे कुठल्याही पुतळ्यापेक्षा खरं स्मारक वाटतं, पुतळ्याला आपण वर्षातून एकदा हार घालतो आणि विसरतो.

रातराणी:
नाही पटत. दिव्याला शब्द थोडेच कळतात, त्याला कळते फक्त आवाजाची पातळी. पोरगा गमावलेली आई हळू बोलली तर मिणमिणता उजेड आणि कुणी उगाच बोंबलला तर लख्ख? लोकांनी तिथे लग्नाच्या मागण्यासुद्धा घातल्या. जिथे पोरं मेली तिथे!

खिडकीपाशी:
शब्द हरवत नव्हते हो ताई, रेडिओ उनामवर, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या रेडिओवर, ९६.१ एफएमला, सगळं लाइव्ह जायचं. लांबून झोत लुकलुकताना दिसला की रेडिओ लावा आणि ऐका कोण काय बोलतंय. आणि मागण्यांचं म्हणाल तर, कोण काय बोलणार हे ठरवायला माणूस बसवला असता तर ती सेन्सॉरशिपच झाली असती ना, ६८ ची पोरं रस्त्यावर का उतरली होती मग?

धुळेकर:
मी रातराणीताईंच्या बाजूने. झोत विझले, मेगाफोन उचलला, मग उरलं काय? त्याच इमारतीत ६८ चं म्युझियम आहे, साक्षी आहेत, कागद आहेत, परवा जन्मलेलं पोरही उद्या मोठं होऊन तिथे जाऊ शकतं. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

खिडकीपाशी:
म्युझियम हवंच, कोण नको म्हणतंय. पण तिथे जावं लागतं, झोत स्वतः घराच्या गच्चीपर्यंत यायचा. आणि कुणीच बोलत नसेल तेव्हा गोळीबारातून वाचलेल्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज लागायची, चौकातला दिवा बंद असला तरी इमारतीवरचे ३ झोत त्यांच्या आवाजावर लुकलुकायचे.

रातराणी:
रेकॉर्डिंगचं माहीत नव्हतं, ते पटलं. पण आवाज बारीक तर उजेड बारीक, या गणिताला माझा विरोध कायम आहे. हळू बोलणाऱ्यालाही पूर्ण उजेड देता आला असता, सेटिंगचाच तर प्रश्न होता.