२०२०च्या वचनचिठ्ठीचं काय झालं? तुमचे अनुभव लिहा

यंदा, ३१ डिसेंबर २०२०ची उपासना आमच्या चर्चच्या मंडळीत रात्री आठला सुरू झाली आणि साडेनऊला आटोपली. कोरोनामुळे महापालिका हद्दीत अकराला संचारबंदी होती. बाराच्या ठोक्याला दिवे मालवून गुडघे टेकायचे, घंटा झाली की उठून एकमेकांना भेटायचं, हे मी समजायला लागल्यापासून पहिल्यांदाच झालं नाही. अहमदनगरात वाढलेल्या माझ्यासारखीला ते फार लागलं. वचनाच्या चिठ्ठ्या मात्र होत्या, म्हणजे नव्या वर्षासाठी ज्यानं त्यानं उचलायची बायबलमधल्या एकेका वचनाची चिठ्ठी. पाळकसाहेबांनी थाळी दाराशी ठेवली होती, सॅनिटायझर लावून एकेकानं उचलायची.

माझी आई दर वर्षीची चिठ्ठी तिच्या वचनाच्या पानात ठेवायची आणि वर्ष संपताना मागे पेन्सिलीनं एखादी ओळ लिहायची. १९७२च्या चिठ्ठीमागे आहे : "पाऊस नाही. मिलोच्या भाकरी. सगळे आहोत." एवढंच. वचन खरं झालं की नाही, याचा निकाल तिनं एकाही चिठ्ठीवर लिहिलेला नाही.

म्हणून हा धागा. गेल्या वर्षीचं तुमचं वचन कोणतं होतं आणि तुम्ही त्याच्यासोबत वर्ष कसं काढलंत? साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं सजवून नको, झालं तसं लिहा. ज्यांच्याकडे चिठ्ठीची रीत नाही त्यांनी ज्याला धरून राहिलात ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. यिर्मया २९:११. देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो आशा देणार आहे. घरोघरी फ्रेम करून लावलेलं वचन. मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा हातात वेळच वेळ होता, म्हणून पूर्ण अध्याय वाचला. हे यरुशलेमहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. अकराव्या ओवीच्या आधी दहावी येते आणि तिच्यात सत्तर वर्षं सांगितली आहेत! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतणं दिसणार नव्हतं. आणि त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं कल्याण मागा. मी चाळीस वर्षं शिकवलं आणि हा अध्याय कधी अखंड वाचला नव्हता. जूनपासून गल्लीतली सहा मुलं अंगणात अंतरावर बसवून वाचन घेते आहे. त्यांच्या घरी स्मार्टफोन नाही.

पुण्याहून

बाई, तुम्ही सजवून नको म्हणालात म्हणून लिहितोय.

माझी चिठ्ठी स्तोत्र ९१:१०. कोणतीही व्याधी तुझ्या तंबूजवळ येणार नाही. लॉकडाऊन लागल्यावर ती लॅमिनेट करून दारावर चिकटवली. मंडळीच्या ग्रुपवर फोटोही टाकला. सप्टेंबरमध्ये वडील गेले. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते, शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, तेही त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. दफनाला आम्ही चौघे, किट घातलेले. गीत म्हणायला सुरुवात केली तर मास्कमधून आवाजच निघेना.

घरी येऊन चिठ्ठी काढली. फाडता आली नाही, खणात टाकली. १६ नोव्हेंबरला चर्चची दारं उघडली, तरी मी गेलो नाही. लोक म्हणत होते, देवाची योजना असते. मला ते वाक्य आजही सहन होत नाही.

डिसेंबरात मुलीला संडे स्कूलचा ऑनलाइन पाठ होता, मत्तय ४. ती मोठ्यानं वाचत होती. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाक म्हणतो, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय ना, म्हणतो. ते लिहिलंय कुठे? स्तोत्र ९१. माझ्याच चिठ्ठीच्या पुढच्या ओव्या! आणि येशू ते वचन त्या कामाला वापरायचं नाकारतो. मी ताडकन उठलो. मी वचनाचा तावीज केला होता, दाराला लिंबू-मिरची बांधावी तसा. पुढे क्रुसावर त्यानं कोणतं स्तोत्र म्हटलं? बाविसावं. तू माझा त्याग का केलास, हे.

वडील का गेले याचं उत्तर यानं मिळत नाही. पण डिसेंबरपासून मी पुन्हा प्रार्थनेला बसतो. बरेचदा भांडतो. चिठ्ठी यंदा घेतली नाही.

वसईहून

आमच्यात, कॅथलिकांत, चिठ्ठी नसते. ३१ला वर्षाचे आभार मानायची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, १ तारखेला देवमातेचा सण. २०२०ची सुरुवात किती अभिमानाची होती! जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपले फादर दिब्रिटो. आमच्या वाडीत घरोघरी टीव्हीपुढे माणसं बसली होती.

आणि मार्चमध्ये लोकल बंद. आमचा धंदा फुलांचा, पहाटेची गाडी पकडून दादर. मोगरा ऐन बहरात, आणि खुडून न्यायचा कुठे? झाडावर ठेवला तर सुकतो, म्हणून खुडायचा आणि खड्ड्यात टाकायचा. सासूबाई रडायच्या. १२ एप्रिलला ईस्टर, मिस्सा मोबाइलवर. त्या दिवशीची फुलं आम्ही खड्ड्यात टाकली नाहीत. वाडीच्या नाक्यावरचा क्रूस खालपासून वरपर्यंत मोगऱ्यानं झाकला. संध्याकाळी प्रत्येक घर आपापल्या ओटीवरून रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होतं, एका घरानं अर्धी प्रार्थना, दुसऱ्यानं उरलेली.

तीस वर्षं मी गाडीत, पाटीवर हात ठेवून घाईघाईत मणी ओढले. आता माळेतलं एकेक रहस्य थांबून म्हणते. पैसे नाहीत, कर्ज आहे, हेही खरं. त्यासाठीही म्हणते.

कुवेत

जूनमध्ये नोकरी गेली, ऑगस्टमध्ये दुसरी लागली, पगार निम्मा. आमची उपासना शुक्रवारी असते, कारण सुट्टी शुक्रवारी. हॉल बंद झाल्यापासून झूमवर. खोलीतले बाकी तिघे ख्रिस्ती नाहीत, पण त्या तासाला टीव्ही बंद ठेवतात. वचन फिलिप्पै ४:१९ होतं. गरजा पुरवल्या गेल्या, हौस नाही.

मिरजेहून, नर्स

वचन आठवत नाही, खरंच. एप्रिलनंतर काहीच आठवत नव्हतं. किटवर मार्करनं नाव लिहायचो, पेशंटला तेवढीच ओळख. वीस सेकंद हात धुवायचे, घड्याळ कोण बघणार, म्हणून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. दिवसातून चाळीस वेळा होत असेल. चाळीस वेळा म्हटल्यावर कळलं की त्यात "माझी भाकर" कुठेच नाही, सगळं "आमची", "आम्हांस". तेव्हापासून ज्या खाटेवरून आले त्या पेशंटला त्या "आम्हांस"मध्ये घेते. धर्म विचारत नाही, त्यांना सांगतही नाही. ३१ला नाइट होती.

केडगावजवळून

मिरजेच्या ताई, भाकरीवरून लिहावंसं वाटलं. माझी पणजी दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या इथल्या मुक्ती आश्रमात आली. गाव, आडनाव, वय काही माहीत नव्हतं, आली तो दिवस तिचा वाढदिवस. आजी सांगायची की पोटभर मिळत असूनही ती कित्येक महिने रोज अर्धी भाकरी चटईखाली लपवायची. उद्या मिळाली नाही तर? मग एकदा नव्या मुली आल्या, हाडाची काडं झालेल्या. त्या रात्री तिनं चटईखालची भाकरी शेजारच्या मुलीला दिली, आणि त्यानंतर लपवली नाही. आमच्या घराण्यात तिचा बाप्तिस्मा त्या रात्रीचा मानतात, पाण्याचा नंतरचा.

मार्चमध्ये मी सहा महिन्यांचा गहू भरून ठेवला. एप्रिल-मेमध्ये सोलापूर रस्त्यावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली होती. दोन दिवस मी दारातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पोतं सोडलं. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

पुण्याहून, पुन्हा

केडगावचे दादा, तुमचं वाचून मुलीला दाखवलं.

नागपूरहून, वय २२

कॅम्पस मुलाखती दोनदा पुढे गेल्या, आता तारीखच नाही. यंदा मला स्तोत्र १३:१ मिळालं. हे परमेश्वरा, किती वेळ? दोन ओव्यांत चार वेळा हाच प्रश्न आहे. वाटलं छपाईत काहीतरी चुकलं, नव्या वर्षाला असं वचन कोण देतं? पाळकांना विचारलं. ते म्हणाले, या वर्षी अशा बारा चिठ्ठ्या मी मुद्दाम लिहून टाकल्यात, कुणाला तरी लागतील.

आई म्हणाली, बदलून आणू का? मी नको म्हटलं.