माग वाढवून किती वाढणार?

'संशोधन ही श्रीमंतांची चैन, आपण सरळ यंत्रं घ्यावीत' हे मत मला पटलं नाही. सोलापुरात आमच्या कारखान्यात चादरीचे दोन माग होते, वडिलांनी चार केले, विणकरही दुप्पट ठेवले. खडखडाट वाढला, पण एका माणसाच्या हातून निघणाऱ्या चादरी तेवढ्याच. धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) आजोबांच्या वेळचाच ना!

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलोनं १९५७ साली दाखवलं, की १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेत दर श्रमतासाचं उत्पादन दुप्पट झालं, त्यात वाढीव भांडवलाचा, म्हणजे यंत्रं-इमारती वगैरेंचा, वाटा जेमतेम आठवा हिस्सा. बाकी तंत्रातली प्रगती (त्यात शिक्षणही आलं, सगळं श्रेय प्रयोगशाळेला नको).

शिवाय माग एकाच शेडमध्ये बसतो, संशोधनाचं फळ मात्र सगळ्यांना वापरता येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला संशोधनातून निवडलेलं मालदांडी एम ३५-१ हे ज्वारीचं वाण शेतोशेती गेलं. एकानं पेरलं म्हणून दुसऱ्याला कमी पडलं नाही.