मदत हवी आहे: दरपत्रक आमदारांचं, टिपणी माझी. मी अडकेन का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका सरकारी वसतिगृहाच्या कार्यालयात भांडार लिपिक आहे. मुलांसाठी २४० चादरी घ्यायच्यात. तीन दरपत्रकं आली, सगळ्यात कमी दर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा. तुलनात्मक तक्ता करताना जीएसटीच्या कागदाची झेरॉक्स बघितली, तर मालक म्हणून जे नाव, तेच सात रस्ता चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर! विद्यमान आमदार.

साहेब म्हणतात, "दर कमी आहे ना? मग मंजुरीची टिपणी ठेव की." नमुन्याची चादर चांगली जाड आहे, मालात खोट नाही.

रात्री नेटवर शोधलं तर अमेरिकेतला कायदा निघाला. तिथं सरकारच्या वतीनं संसद सदस्याशी करार करणारा कर्मचारीच दंडाला पात्र. झोप उडाली. आपल्याकडचं कसं? सांगा की ओ कुणीतरी.

प्रतिसाद १:
लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९-अ. राज्य सरकारला माल पुरवायचा करार आमदारानं स्वतःच्या धंद्यात केला आणि तो चालू असला, तर तो अपात्र. माल पूर्ण पोचलाय, फक्त बिल थकलंय, तर करार चालू धरत नाहीत. म्हणजे हे कलम त्यांच्या खुर्चीचं, तुमच्या नोकरीचं नाही. करार राज्यपालांच्या नावानं होतो, त्यामुळे संविधानाच्या कलम २९९(२) प्रमाणे सही करणाऱ्यावर व्यक्तिशः देणं येत नाही. पण राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे १९७९ चे वर्तणूक नियम तुम्हाला आहेतच. तोंडी "ठेव की" वर जाऊ नका. मालक विधानसभा सदस्य आहेत हे टिपणीतच लिहा, ९-अ चा उल्लेख करा आणि आदेश मागा.

धागाकर्ता:
आज कारखान्यातून फोन होता. बायकोच्या नावानं नवीन दरपत्रक देतो म्हणतात.

प्रतिसाद १:
हुशार आहेत. ९-अ मध्ये "त्याने केलेला करार" एवढंच आहे. नगरसेवक किंवा ग्रामपंचायत सदस्य असते आणि आपल्याच संस्थेचं काम घेतलं असतं, तर "प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष" हितसंबंधात सापडले असते. पण दरपत्रकं उघडल्यावर नवीन घ्यायचं? तिथं मात्र तुम्ही नक्की अडकाल. फोनची नोंदही टिपणीत करा.

धागाकर्ता:
उद्या सकाळीच टाइप करतो. साहेब रजेवर गेले नाहीत म्हणजे मिळवली.