शाळेत सायबर सुरक्षा शिकवायची, तर सुरुवात शिक्षकांपासून करा

लॉगवाचक (धागाकर्ता):
माझं मत आधीच सांगतो. सायबर सुरक्षेची ओळख सहावी-सातवीपासून व्हायला हवी आणि या क्षेत्रात कसली कसली कामं असतात हेही मुलांना शाळेतच कळायला हवं. पण पहिली दोन वर्षं सगळा वेळ आणि पैसा शिक्षकांवर खर्च करा. आज बहुतेक ठिकाणी काय होतं? वर्षातून एकदा बाहेरचा पाहुणा येतो, 'अनोळखी लिंक उघडू नका' सांगतो, टाळ्या घेतो आणि जातो. पुढच्या आठवड्यात एखाद्या मुलीला काही विचारायचं असेल तर तिने जायचं कोणाकडे?

मी सुरक्षा नियंत्रण कक्षात काम करतो, आम्ही त्याला सॉक म्हणतो. शिक्षकांच्या कार्यशाळेत मी संगणक उघडायला लावत नाही, वीस ओळींचा छापील लॉग, म्हणजे यंत्रणेने ठेवलेली लॉगिनची नोंद, देतो. प्रत्येक ओळीत वेळ, खात्याचं नाव, आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला मिळालेला क्रमांक) आणि लॉगिन जमलं की फसलं, एवढंच. सुरुवातीच्या ओळींत एकाच खात्यावर चुकीचा पासवर्ड पडतोय, बरोबर दोन-दोन सेकंदांनी. सगळे म्हणतात, कोणीतरी पासवर्ड विसरलाय. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की विसरलेला माणूस इतक्या ठरलेल्या अंतराने टाइप करत नाही, हा प्रोग्राम आहे. पुढे दहा वेगळी खाती येतात. प्रत्येकावर एकच प्रयत्न, पण आयपी पत्ता तोच. कुठलंच खातं लॉक होत नाही, त्यामुळे इशाराही येत नाही. एकच सोपा पासवर्ड सगळ्यांवर लावून बघायचा, याला पासवर्ड स्प्रेइंग म्हणतात. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं: 'यशस्वी'. ती ओळ सापडली की खोलीतली शांतताच बदलते.

माझं रोजचं काम हेच. तेरा वर्षांचं मूल हे करू शकतं, आणि शिक्षकाने एकदा स्वतः केलं की तो वर्गात घेऊ शकतो.

गणिताच्या_बाई:
असहमत. विषय महत्त्वाचा आहे, पण 'शिक्षकांपासून सुरुवात' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते आम्हाला विचारा. दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, भरायचा एक अहवाल, आणि मग वेळापत्रकात जागा नाही म्हणून सगळं बासनात. रस्ता सुरक्षा, पर्यावरण, आर्थिक साक्षरता, प्रत्येक गोष्ट शेवटी वर्गशिक्षकाच्याच गळ्यात येते. पोर्शन कमी करायची तयारी मात्र कोणी दाखवत नाही. काय काढायचं ते आधी सांगा, मग काय घालायचं ते बोलू.

दुसरं, बारा वर्षांच्या मुलाला करिअर कशाला दाखवायचं? त्याला अपूर्णांक नीट येऊ देत.

भाषा_शिकवतो:
बाई, काढायचं काहीच नाही. मी आठवीला पत्रलेखन शिकवतो. त्याच तासाला एक फसवी ईमेल फळ्यावर लिहितो: 'तुमचं खातं २४ तासांत बंद होईल, खालील दुव्यावर माहिती भरा.' मग मुलांना विचारतो, लिहिणारा कोण आहे असं भासवलंय? घाई का लावलीय? वाचणाऱ्याकडून नेमकं काय हवंय? खरा मजकूर असता तर कोणत्या गोष्टी आल्या असत्या? हा निव्वळ आकलनाचा पाठ आहे. अशा खोट्या संदेशांनी माहिती काढून घेण्यात, म्हणजे फिशिंगमध्ये, फसवणूक भाषेतूनच होते, म्हणून ती ओळखण्याचा सराव भाषेच्या तासालाच व्हावा.

लॉगवाचक:
@गणिताच्या_बाई, तुमच्या विषयातलंच उदाहरण घ्या. फक्त इंग्रजी लहान अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड म्हणजे २६ चा आठवा घात, सुमारे २०,८८२ कोटी शक्यता. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, यंत्राला वाटत नाही. आता आणखी चार अक्षरं वाढवा. शक्यता ४,५६,९७६ पट होतात. घातांकाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

करिअरबद्दल: पदांची यादी पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही. आज मुलांच्या मनात एकच चित्र आहे, अंधाऱ्या खोलीत कीबोर्ड बडवणारा मुलगा. मुलगाच, मुलगी नाही. घुसखोरीचा तपास करणारे, पुरावे जपणारे, कायदा आणि धोरणं बघणारे, लोकांना प्रशिक्षण देणारे असे कितीतरी जण इथे आहेत. हे बारावीत सांगून उपयोग नाही, तोवर अर्ध्या मुलींनी 'हे आपलं नाही' असं ठरवून टाकलेलं असतं.

पालक_आठवीतल्या_मुलाची:
मला यातली खरी भीती कोणी बोलत नाहीये असं वाटतं. ब्रिटनमध्ये लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्त कार्यालयाने शिक्षणसंस्थांमधल्या आतल्याच लोकांकडून झालेल्या २१५ डेटा उल्लंघनांचा (माहिती परवानगीशिवाय बघितली किंवा बाहेर गेली अशा घटनांचा) अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली ५७ टक्के विद्यार्थ्यांनी केलेली होती. मुलं आधीच हे करतायत आणि आपण त्यांना अजून शिकवायचं?

मिराई या घातक प्रोग्रामचं प्रकरण आठवा. २०१६ मध्ये लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेणारं ते जाळं कोणा गुप्तहेर संस्थेने तयार केलेलं नव्हतं. कॉलेजच्या वयाच्या तीन तरुणांनी केलं होतं, आणि त्याची मुळं माइनक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरांवरच्या धंद्यातल्या भांडणात होती. त्यांना कौशल्य कमी पडलं नव्हतं. 'हे करायचं नाही' असं वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं.

लॉगवाचक:
तोच अभ्यास पुढे वाचा, ताई. ३० टक्के घटना चोरलेल्या लॉगिनमुळे घडल्या, आणि त्यांतल्या ९७ टक्के विद्यार्थ्यांनी केल्या. सुरक्षा भेदण्यासाठी प्रगत तंत्रं वापरली गेली असे प्रसंग फक्त ५ टक्के. बाकी ठिकाणी सोपा पासवर्ड ओळखला, कुठेतरी लिहून ठेवलेला सापडला, कर्मचाऱ्याचं उपकरण उघडं राहिलं, गरजेपेक्षा जास्त लोकांना माहिती बघता येत होती. मुलांना हॅकिंग शिकवल्यामुळे हे घडलेलं नाही. मोठ्यांना साधी सुरक्षा कोणी शिकवली नाही म्हणून घडलं. म्हणूनच मी शिक्षकांपासून सुरुवात म्हणतोय.

मिराईचंही तेच. ते पसरलं कशावर? उपकरणांसोबत येणाऱ्या, कोणीच न बदललेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांवर.

संगणक_विभाग:
+१. मी ज्या शाळेत होतो तिथे हजेरी आणि गुणांच्या प्रणालीला सगळ्या शिक्षकांत मिळून एकच पासवर्ड होता आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं की वेगवेगळे पासवर्ड दिले तर काम अडेल. अशा वातावरणात मुलांना सायबर सुरक्षा शिकवली तर मुलं आपल्याकडे बघून काय शिकतील?

जुना_नेटवर्कवाला:
मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. पाया न घालता छप्पर चढवायला निघालोय आपण. ज्याला आयपी पत्ता म्हणजे काय, फाइलला परवानगी म्हणजे काय, ब्राउझर पान मागतो तेव्हा नेमकं काय जातं-येतं हे माहीत नाही, त्याच्या हातात तुम्ही टूल देता आणि तो बटणं दाबतो. मुलाखतींना अशी मुलं येतात. टूलांची नावं घडाघडा म्हणतात, आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) कसं चालतं विचारलं की गप्प.

शिवाय जे शिकवाल ते शिळं होतं. 'दर महिन्याला पासवर्ड बदला' हे अजून भिंतीवर लावलेलं दिसतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नका, कारण माणसं मग शेवटचा आकडा एकने वाढवून मोकळी होतात. शाळेत नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम आणि थोडं प्रोग्रामिंग शिकवा. सुरक्षा नंतर येते.

आणि करिअर दाखवायचंच असेल तर पूर्ण दाखवा. रात्रपाळी, शेकडो खोटे इशारे, लांबलचक अहवाल, आणि काही बिघडलं की पहिला फोन तुम्हाला.

संगणक_विभाग:
'नंतर' म्हणजे कधी? माझा अनुभव उलटा आहे. नेटवर्कचा धडा कोरडा शिकवला तर तिसऱ्या बाकापुढे कोणी ऐकत नाही. 'ही माहिती वाटेत कोण वाचू शकतं?' एवढं विचारलं की तोच धडा मुलं स्वतः ओढून नेतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही विनामूल्य स्पर्धा २०१३ पासून याच पद्धतीने चालते. कोडं सोडवायला जे लागतं ते मूल शोधून शिकतं.

@पालक, फक्त बचाव शिकवणाऱ्या स्पर्धाही आहेत. अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेल्या सायबरपॅट्रियटमध्ये शाळेच्या संघांना मुद्दाम सुरक्षेतल्या त्रुटी ठेवलेल्या आभासी यंत्रणा दिल्या जातात. त्यांनी त्या त्रुटी शोधून बुजवायच्या आणि सेवा चालू ठेवायची. तोडायचं काहीच नाही.

पालक_आठवीतल्या_मुलाची:
हे चांगलं आहे. पण दुरुस्त करायला शिकलेल्या मुलाला चूक दिसणारच, आणि ती स्पर्धेबाहेरही दिसणार. तेव्हा त्याने काय करायचं? २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या १४ वर्षांच्या मुलाला ॲपलच्या फेसटाइम या व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये दोष सापडला. समोरच्याने फोन उचलायच्या आधीच त्याच्याकडचा आवाज ऐकू यायचा. मित्रांशी ग्रुप कॉल करताना सहज लक्षात आलं. त्याच्या आईने कंपनीपर्यंत पोचायला आठवड्याहून जास्त काळ धडपड केली. शेवटी कंपनीने दोष मान्य केला, बक्षीसही दिलं. पण त्याला तशी आई होती. माझ्या मुलाला शाळेच्या प्रणालीत असं काही दिसलं आणि त्याने सांगितलं, तर शाबासकी मिळेल की मुख्याध्यापकांसमोर उभं करतील? याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम आहे.

गणिताच्या_बाई:
पूर्ण धाग्यात मला पटलेला हा पहिला प्रश्न. घातांकाचं उदाहरण मी वापरीन, त्याला प्रशिक्षण लागत नाही. पण हा प्रश्न उद्या माझ्या वर्गात आला तर मी एकटी काय ठरवणार? शाळेने लेखी द्यावं: दोष सांगणाऱ्या मुलावर कारवाई होणार नाही, सांगायचं कोणाला, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल.

जुना_नेटवर्कवाला:
त्यात आणखी एक ओळ हवी. सहज दिसलं तर सांगा, पण परवानगीशिवाय शोधत फिरू नका. शाळेच्या सर्व्हरवर 'फक्त बघितलं' हाही बऱ्याच देशांत गुन्हा ठरतो. ब्रिटनमध्ये तर १९९० पासून कायदा आहे, नुकसान केलं नाही हा बचाव चालत नाही.

लॉगवाचक:
ही ओळ पहिल्याच तासाला हवी, मान्य. मात्र नियम लिहून होईपर्यंत धडे थांबवावेत हे मला मान्य नाही. तो चिकटवलेला पासवर्ड काढायला कुठल्याही नियमाची वाट बघायची गरज नाही.

पालक_आठवीतल्या_मुलाची:
पासवर्ड उद्याच काढा. मुलांचे धडे नियमानंतर.