मदत हवी आहे: फ्रान्समधल्या सोम भागात आई-बाबांना झेपतील अशा रानवाटा

नमस्कार मंडळी,

आम्ही ब्रसेल्सला राहतो. मेअखेरीस आई-बाबा पुण्याहून येताहेत, तीन महिन्यांसाठी. पॅरिस, आम्स्टरडॅम वगैरे ठरलेलंच आहे. पण बाबांनी फोनवर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ते मनोरे दोन तासांत उरकू. मला पहिल्या महायुद्धाची जागा बघायची आहे." बाबा खडकीच्या सॅपर्समधून (लष्कराचं इंजिनिअर दल) निवृत्त झालेत. त्यांच्या पलटणीचे पूर्वज (तेव्हाचं नाव 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स') १९१४ साली खडकीहूनच फ्रान्सला गेले होते, हे त्यांनी आम्हाला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या पाच वर्षांच्या लेकीलाही पाठ आहे.

अडचण अशी. बाबांचं वय ७४, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. सपाटीवर तास-दीड तास मजेत चालतात, उतार आणि पायऱ्या नकोत. आईला इतिहासात शून्य रस. तिला झाडं हवीत, सावली हवी आणि बसायला बाक. "दिवसभर थडगी दाखवणार असशील तर मी घरीच बरी," असं तिचं म्हणणं. मुलं ९ आणि ५ वर्षांची, त्यांना काठी मिळाली की पुरे.

तर गावालगतचं एखादं रान, सपाट वाट, आणि तिथे युद्धाच्या खुणा अजून दिसतात, असं काही आहे का? नकाशावर डेल्व्हिल वूड, हाय वूड, मामेट्झ वूड अशी नावं दिसतात, पण आत जाता येतं की नाही ते कळत नाही. गाडी आहे. एक मुक्काम करायचीही तयारी आहे. शिवाय न्यूव्ह-शापेलचं भारतीय स्मारक वाटेत बसवता येईल का?

आगाऊ आभार.
– बाभळीचीवाट

---

रानभुली:
बसवता येईल की, अगदी वाटेवरच म्हणा ना. न्यूव्ह-शापेल लीलपासून पाऊण तासाच्या आत आहे, तिथून सोमला खाली उतरायचं. आम्ही गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्यासाठी डेल्व्हिल वूडच. लाँगव्हाल गावाला चिकटून आहे, जमीन सपाट, आणि मुख्य म्हणजे आत जाता येतं. हे रान दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात स्मारक म्हणून आहे. वाटा रुंद, गवताच्या, दोन्ही बाजूंना ओक आणि बर्च. सासूबाई बाकावर बसून म्हणाल्या, "किती शांत आहे गं." मी काही बोलले नाही. कारण तेव्हा माझं लक्ष बाकामागच्या जमिनीकडे गेलं होतं. सगळी जमीन खड्ड्याखड्ड्यांची, वर मऊ गवत आणि शेवाळ. एकही हात सपाट नाही. आमच्या मुलाने विचारलं, "आई, इथे तळी खणत होते का?" ते तोफगोळ्यांचे खड्डे. मधूनच एक लांबट नागमोडी चर जातो, तो खंदक.

वाटांच्या तोंडाशी छोटे दगड आहेत, त्यांवर नावं: प्रिन्सेस स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट, बॉण्ड स्ट्रीट. सैनिकांनी रानातल्या वाटांना लंडन-एडिंबरातल्या रस्त्यांची नावं दिली होती. मुलांना एकेक दगड शोधायला लावा, तासभर कटकट बंद.

आणि ते एक झाड चुकवू नका. सगळं रान भाजून निघालं, त्यातून एकच झाड वाचलं, हॉर्नबीमचं. बाकी दिसतंय ते सगळं नंतर लावलेलं. रानातल्या म्युझियमच्या मागे आहे, शेजारी दगड आहे, सापडतं.

---

जुनादप्तर:
रानभुली यांनी वाट सांगितली, मी थोडी पार्श्वभूमी देतो. बाबांना आवडेल आणि आईंपासून लपवता येईल.

१५ जुलै १९१६ ला दक्षिण आफ्रिकेची ब्रिगेड या रानात शिरली, ३,१५३ जण. हुकूम होता, काय वाटेल ते झालं तरी रान सोडायचं नाही. तीन बाजूंनी जर्मन. १८ तारखेला तर मिनिटाला चारशे गोळे पडत होते असं नोंदवलेलं आहे. मुळांमुळे खंदक खणता येईना, झाडं कोसळली की त्यांच्या फांद्यांनीच माणसं जखमी व्हायची. २० जुलैला आत उरलेल्यांचे प्रमुख कर्नल थॅकरे बाहेर आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन जखमी अधिकारी आणि १४० सैनिक होते. पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे रान पूर्ण हाती आलं नाही.

आता आपला संबंध. १४ जुलैच्या संध्याकाळी, म्हणजे आफ्रिकनांच्या आदल्या दिवशी, लाँगव्हाल आणि हाय वूड यांच्या मधल्या उभ्या पिकातून घोडदळाने हल्ला केला. त्यात विसावी डेक्कन हॉर्स ही भारतीय घोडेस्वारांची पलटण होती, भाले घेऊन. सिकंदराबाद ब्रिगेडची माणसं. मशीनगनच्या काळात भाले! रात्रभर त्यांनी ती जागा धरली आणि पहाटे मागे बोलावलं. लाँगव्हालहून हाय वूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवा, डावी-उजवीकडे शेतंच शेतं दिसतील. पाटी नाही, काही नाही. बाबांना तिथे दोन मिनिटं उभं करा.

हाय वूड मात्र खासगी आहे, आत जायचं नाही. कडेने जाता येतं, आणि समोर लंडन सिमेट्री आहे. आईंना गाडीतच थेपला द्या.

---

रानभुली:
थेपला काय, दशम्या न्या! तिकडच्या गावांत दुपारी दुकानं बंद, सोमवारी तर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्युझियमपण सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवार ते रविवार ठरवा. म्युझियमजवळ चहा-कॉफी आणि स्वच्छतागृह आहे, ते आईंना आधी सांगून ठेवा.

---

गोगलगाय:
मामेट्झ वूडबद्दल. आम्हाला मुलांमुळे आवडलं, कारण तिथे लाल रंगाचा ड्रॅगन आहे. वेल्श सैनिकांचं स्मारक, रानाकडे तोंड करून पंजाखाली काटेरी तार फाडतोय. १९८७ साली बसवलं. जुलै १९१६ च्या दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा दिवसांत वेल्श डिव्हिजनचे जवळजवळ चार हजार जण इथे मारले गेले किंवा जखमी झाले. पण बाबांसाठी विचार करा: ड्रॅगनपर्यंत जायला पायऱ्या आहेत आणि रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर रिव्हर्स मारत बसा. खालून रस्त्यावरूनच ड्रॅगन दिसतो, तेवढ्यावर भागवा. रान खासगी आहे, लालूच दाखवणाऱ्या पायवाटा दिसतील, शिरू नका.

---

जुनादप्तर:
शिरू नका यावर ठळक रेघ. सोमच्या लढाईतल्या १ जुलै १९१६ च्या हल्ल्याआधी एका आठवड्यात ब्रिटिशांनी पंधरा लाखांवर गोळे टाकले, त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत. नांगरताना अजून निघतात. शेतकरी ते विजेच्या खांबाशी किंवा रस्त्याच्या कडेला ठेवतात, मग सरकारी पथक येऊन उचलून नेतं. गंजलेल्या लोखंडी बाटलीसारखं दिसतं आणि मुलांना ते उचलायचा मोह होणारच. बाबा सॅपर आहेत, तेच दम देतील. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं, बोमों-हामेल इथे न्यूफाउंडलंडच्या (आता कॅनडात) सैनिकांचं स्मारक आहे. तिथे खंदक जसेच्या तसे ठेवलेत, वरून रेखीव वाटेने बघता येतात, खाली उतरायची गरज नाही. १ जुलै १९१६ ला सुमारे आठशे जण हल्ल्याला निघाले, दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. कडेची झाडं न्यूफाउंडलंडहून आणून लावलेली. पायी सोपं आहे, पण सावली डेल्व्हिलइतकी नाही, उन्हाचं जाऊ नका.

---

बाभळीचीवाट:
मंडळी, काय सांगू, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं! मग असं ठरवतोय: पहिल्या दिवशी सकाळी न्यूव्ह-शापेल, दुपारी सोममधल्या आल्बेर गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी डेल्व्हिल वूड सकाळभर, परतताना हाय वूडचा रस्ता. ड्रॅगन जमला तर. बोमों-हामेल पुढच्या खेपेला.

न्यूव्ह-शापेलला नक्की काय बघायचं? बाबांच्या सॅपर्सची काही खूण आहे का?

---

जुनादप्तर:
आहे. स्मारक गावाबाहेर चौकात आहे, गोल भिंत आणि मधोमध कमळाची कोरीव टोपी असलेला खांब, पायथ्याशी दोन वाघ. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीय सैनिकांची नावं भिंतीवर, पलटणीनुसार. वास्तुकार हर्बर्ट बेकरने बांधलं, १९२७ च्या ऑक्टोबरात अनावरण झालं. गंमत अशी की डेल्व्हिलचं आफ्रिकन स्मारकही बेकरचंच, एक वर्ष आधीचं. दिल्लीच्या सचिवालयाचे ब्लॉकही त्याचेच. म्हणजे तुम्ही दोन दिवस एकाच माणसाचं काम बघणार.

२८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह-शापेल परत घ्यायला सत्तेचाळिसावी शीख पलटण आणि खडकीच्या दोन सॅपर कंपन्या, विसावी आणि एकविसावी, पाठवल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं, आणि इथे त्यांना बंदुका-संगिनी घेऊन घराघरांतून लढावं लागलं. गाव मिळालं, टिकलं नाही. दोन्ही कंपन्यांचा एकही इंग्रज अधिकारी धड राहिला नाही. पलटणीचं नाव भिंतीवर शोधायला बाबांनाच सांगा, तुम्ही पुढे पळू नका.

गावाच्या आग्नेयेला शेतांपलीकडे जो झाडोऱ्याचा काळा पट्टा दिसतो ते बियेझचं रान. जर्मन तिथे होते. लांबूनच बघा.

---

गोगलगाय:
एक प्रॅक्टिकल भर: जूनमध्ये गवतात गोचीड असतात. मोजे पँटवरून ओढा, घरी येऊन मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे बघा.

---

बाभळीचीवाट:
सगळं बाबांना वाचून दाखवलं. अर्ध्या तासाने त्यांचा फोन: "ते एकटं वाचलेलं झाड, हॉर्नबीम, त्याला आपल्याकडे काय म्हणतात?" कोणाला माहीत आहे का? मला तर झाडांतलं शून्य कळतं.

---

रानभुली:
महाराष्ट्रात ते झाडच नाही, म्हणून मराठीत नावही नाही. हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत. लाकूड भारी कठीण आणि चिवट. पूर्वी युरोपात गिरणीच्या चाकांचे दात, खाटकाचे ओंडके, बैलांची जोखडं याच लाकडाची करायचे. आपल्याकडे औताला, गाडीच्या चाकाला बाभूळ वापरायचे, तसंच. बाबांना सांगा, फ्रान्सची बाभूळ.

---

बाभळीचीवाट:
सांगितलं. आता शेजारपाजारी "मी फ्रान्सला बाभूळ बघायला चाललोय" असं सांगत फिरतायत. आई म्हणते, बाभूळ बघायला एवढं विमानाचं तिकीट कशाला, आपल्या बांधावर चार उभ्या आहेत.