कोकणातल्या दमट हवेत टिकतील असे मिनी, फासे आणि नकाशे सुचवा

खाडीकाठ (धागाकर्ता)
रत्नागिरी. पाच जणांचा गट, डंजन्स अँड ड्रॅगन्सची (टेबलावर फाशांनी खेळायचा कल्पित साहसांचा खेळ) पाचवी आवृत्ती, आठवड्याला एक बैठक. बजेट सगळं धरून ५,००० रुपये. हवंय ते असं: खेळाडूंचे पाच मिनी (छोट्या आकृती), दहा-बारा गोब्लिन, एखादा ओगर (हे दोन्ही खेळातले राक्षस), पुसता येणारा नकाशा, फासे, आणि हे सगळं ठेवायला काहीतरी. घर समुद्राला लागून, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. मित्राकडे रेझिनचा (द्रव प्लास्टिक प्रकाशाने घट्ट करून आकृती छापणारा) थ्रीडी प्रिंटर आहे. रंगकामाचा अनुभव शून्य. नुसतं 'हे घ्या' नको, का घ्यायचं तेही सांगा.

पागोळी
आधी मापं, म्हणजे चुकीचं काही घेतलं जाणार नाही. नकाशावरचा १ इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले ५ फूट. माणूस, एल्फ, गोब्लिन यांना २५ मिमी तळ (मिनी ज्यावर उभा असतो ती चकती). ओगर 'लार्ज' आकाराचा असल्यामुळे त्याला ५० मिमी, त्यावरच्या 'ह्यूज' प्राण्यांना ७५. तळ ३२ मिमीचा घेतलात तर मिनी शेजारच्या चौकोनात घुसतो आणि दर लढाईत 'मी इथे होतो, तिथे नव्हतो' हा वाद.

खेळाडूंच्या पाच मिनींसाठी व्हिजकिड्स कंपनीचे 'नोल्झुर्स' मिनी बघा. त्यांना प्रायमर (रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) आधीच मारलेला असतो. पावसाळ्यात ही फार मोठी सोय आहे, कारण स्प्रे प्रायमर हवेत ७० टक्क्यांच्या वर दमटपणा असला की खरखरीत किंवा पिठूळ बसतो. आपल्याकडे जुलैत तेवढा दमटपणा पहाटेपासून रात्रीपर्यंत असतोच.

रीपर कंपनीचे मऊ प्लास्टिकचे 'बोन्स' मिनी घेतलेत तर पहिल्या जुन्या पांढऱ्या मालावर स्प्रे प्रायमर मारूच नका, काही प्रायमर त्यावर वाळतच नाहीत, महिनोन् महिने चिकट राहतात. भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा, वाळवा आणि थेट अ‍ॅक्रिलिक लावा. पहिल्या हातात पाणी घालू नका, थेंब गोळा होऊन रंग घसरतो.

तलवारी-भाले वाकलेले आले तर चहाच्या आधणाइतकं नाही, त्याहून जरा कमी गरम पाणी घ्या. १५-२० सेकंद बुडवा, बोटाने सरळ करा, लगेच गार पाण्यात. हे मऊ प्लास्टिकसाठी. रेझिनचा भाला असा सरळ करायला गेलात तर मोडण्याचीच शक्यता जास्त.

चिरेबंदी
गोब्लिनवर पैसे घालवू नका. दहा गोब्लिन मित्राच्या प्रिंटरवर एका खेपेत होतात. थर ०.०५ मिमी पुरे. इतके छोटे आकार भरीवच छापा. पोकळ छापले तर आत न सुकलेलं रेझिन अडकतं आणि काही महिन्यांनी अंग तडकून चिकट पाणी झिरपतं. ओगर पोकळ करायचाच असेल तर तळाला ३ मिमीची दोन भोकं ठेवा. एक रेझिन बाहेर यायला, एक हवा आत जायला.

धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता ना? उघड्या बरणीत ठेवलं की ते हवेतलं पाणी ओढतं, मग धुतलेल्या आकृतीवर पांढरी पूड दिसते. झाकण घट्ट लावा. धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय प्रकाशात ठेवू नका. छपाईत आकृतीला लागलेले आधार धुतल्यावर पण प्रकाशात कडक करण्यापूर्वी काढले तर खळगे कमी पडतात. जुलैतल्या उन्हावर विसंबू नका, ४०५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा लावा. आणि ते धुवण मोरीत, परसात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. भांडं उन्हात ठेवून रेझिन घट्ट होऊ द्या, गाळून घ्या, मग घट्ट गोळा कचऱ्यात.

दर्याकिनारी
तळ सजवायला बाहेरून टेक्स्चर पेस्ट कशाला मागवताय? चिऱ्याच्या खाणीवरचा जांभ्याचा चुरा आणा. चहाच्या गाळणीने चाळा, दोन पाण्यांत धुवा, कडकडीत वाळवा. फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग, तळाला लावून त्यावर चुरा भुरभुरवा. वाळला की फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग आणि साबणाचा एक थेंब असं वरून सोडा. तांबडी माती रंग न लावताच मिळते.

समुद्रावरची वाळू मात्र थेट वापरू नका. त्यातलं मीठ ओल धरतं आणि रंगाखालून पांढरं फुटून वर येतं. चार पाण्यांत धुतली तरच. गवतासाठी काथ्या ४-५ मिमी कापून, पण आधी पातळ व्हार्निशात बुडवून. नाहीतर ऑगस्टपर्यंत खऱ्याखुऱ्या बुरशीचं जंगल तयार.

पागोळी
जांभ्याला +१. एक जोडतो: फेविक्विकनेही हात-पाय जोडताना पांढरी झाक येते, दमट हवेत जास्तच. थेंब टाचणीच्या टोकाने लावा, नळीतून नको. सांधा मोठा असेल तर एम-सील. दोन्ही भाग सारखे, रंग एकजीव होईपर्यंत मळा, हाताला पाणी लावून. एका वेळी वाटाण्याएवढंच, उरलेलं हातातच दगड होतं.

मॅट व्हार्निशही पावसाळ्यात ब्रशनेच. स्प्रेने धुकं धरलं तर वरून ग्लॉसचा एक हात द्या, बऱ्याचदा धुकं जातं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

माडाखाली
नकाशा: फ्लेक्सवाल्याकडून १ इंचाचे चौकोन छापून घ्या, २४ × ३६ इंच. म्हणजे खेळातले १२० × १८० फूट, एका लढाईला भरपूर. फाइल 'पानात बसवा' या पर्यायाने छापली तर चौकोन आखडतात. घेण्याआधी दुकानातच पट्टी लावून दहा चौकोन मोजा, २५४ मिमी भरले पाहिजेत. फ्लेक्सवर थेट मार्कर नको, डाग राहतो. वर टेबलावर टाकायचं पारदर्शक जाड प्लास्टिक घाला आणि त्यावर लिहा. लाल मार्करचा रंग रात्रभर राहिला तर सहज जात नाही, बैठक संपली की लगेच पुसा.

फासे: सात फाशांचा साधा अ‍ॅक्रिलिक संच. धातूचे देखणे असतात, पण खाऱ्या हवेत मुलामा काळवंडतो आणि टेबलाला खळगे पडतात. डी२० (वीस बाजूंचा फासा) समतोल आहे का बघायचं तर मिठाच्या पाण्यात तरंगवतात. त्यासाठी समुद्राचं पाणी पुरत नाही बरं का, त्यात मीठ साधारण साडेतीन टक्केच, फासा तळाला जातो. १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. टिचकी मारून फिरवा, दहातून आठ वेळा तोच आकडा वर आला तर तो फासा डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) द्या. ;)

चिरेबंदी
तपकिरी रंगाचा, ग्रिप असलेला फासे-ट्रे हवा असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत विचारा. कातीव काम करणारे कारागीर २५ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची लाकडी चकतीही काढून देतील. एका सरळ दांड्यातून काप घ्यायचे, सगळे सारखे येतात. चकतीला खालून-वरून दोन्हीकडे व्हार्निश, एकाच बाजूला दिलं तर ती वळते. सावंतवाडीचा हाताने रंगवलेला गंजिफाही (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा संच) बघून ठेवा. दशावतारी गंजिफात १० रंग, प्रत्येकी १२ पानं, म्हणजे १२० पानं. रानात काय भेटतं ते ठरवायला तक्ता बनवायला झकास, पण मूळ पानं टेबलावर फेकू नका, त्यांचे फोटो छापून वापरा.

खाडीकाठ
भारी. ठेवायचं कशात? कपाटात डांबराच्या गोळ्या आहेतच, तिथेच ठेवू?

दर्याकिनारी
डांबराच्यो गोळयो अजिबात नकोत! नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करते, आकृती चिकट होतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत ईपीईचा (पॅकिंगमध्ये येतो तो) पांढरा फोम कापून. साधा स्पंज नको, काही वर्षांत त्याची भुकटी होते. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) नारिंगी घ्या, हिरवी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा नारिंगी होते. अन्नाच्या भांड्यात नको.

पागोळी
मिनी डब्यात पत्र्यावर चिकटून राहावेत म्हणून खाली चुंबक लावायचे असतील तर ५ × १ मिमी, आणि तळाच्या खोबणीत पूर्ण बुडवून वरून एम-सील. उघडे राहिले तर मुलामा फुटून गंजतात, डब्यातल्या पत्र्यालाही तोच रोग. पत्र्याऐवजी रबरी चुंबकाची शीट चालते, पण तिच्यावर नुसता चुंबक नाही तर आधी एक मिनी लावून डबा उलटा करून बघा. पकड कमी असते.