मदत हवी आहे: नैकुंडच्या प्राचीन शेतीचा नकाशा, आणि मधे पेंच नदी

नमस्कार मंडळी,

नागपुरात प्राचीन भारतीय इतिहासात एमए करतेय. प्रबंधिकेसाठी पारशिवनी तालुक्यातलं नैकुंड घेतलंय. शिळावर्तुळं (दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं) आणि लोखंड गाळायची प्राचीन भट्टी यांमुळे त्याचं नाव आहे, पण मला पडलेला प्रश्न साधा आहे: तिथली तेव्हाची माणसं वावर कुठलं वाहत होती?

पद्धत व्हिटा-फिन्झी आणि हिग्ज यांची, १९७० सालची. शेतकरी रोज तासाभराच्या पलीकडे चालत जात नाही असं धरायचं, वस्तीभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतली जमीन बघायची. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर दहा मिनिटांत झालं. सुमारे ७,८५० हेक्टर. मी खूश.

पण वर्तुळाच्या मधून पेंच नदी जाते. दिवाळीत मामाला लॅपटॉपवर दाखवलं तर म्हणाला, "पोयाच्या टायमाले त्या पारच्या वावरात जाशीन कशी वं? पोहत?"

खरंच की! धरण, कालवे नव्हते तेव्हा भर पावसात पेंच ओलांडणं सोपं नसणार. कार्तिकात पाणी ओसरून पायी पार होता येत असेल. म्हणजे खरिपाचं वर्तुळ वेगळं, रब्बीचं वेगळं. विदर्भातल्या महापाषाणी (अशी शिळावर्तुळं रचणाऱ्या लोकांच्या) वस्त्यांतून जळका तांदूळ मिळालाय, तसेच गहू, जव, मसूरही. भात अलीकडे आणि काळ्या जमिनीच्या ओलीवरची रब्बी पलीकडे, असं मला वाटू लागलंय. (वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, माहितेय.)

अडलंय ते इथे. चालायला किती वेळ लागेल हे काढायच्या टोबलरच्या सूत्रात जमिनीचा चढउतार धरला जातो, नदी नाही. नदीच्या पट्ट्याला जास्त 'खर्च' (म्हणजे ओलांडायला लागणारा वेळ-श्रम) लावावा म्हणतात. पण किती, आणि ऋतूप्रमाणे तो कशावरून बदलायचा? कोणी केलंय का असं? शिवाय आजचं कालव्याखालचं ओलीत आणि संत्र्याच्या बागा नकाशातून वजा कशा करायच्या? मृदा नकाशावरून जमिनीचा पोत कळतो, तिचा जुना वापर नाही.

ता.क. उत्खननाच्या मातीतले जळके दाणे पाण्यात तरंगवून काढतात, त्याचा सराव म्हणून मामाच्याच वावरातली माती बादलीत भिजवली. चिकण काळी, फुगून गोळा झाली. धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवली तेव्हा सुटली. चहाच्या गाळणीत मसुरीचा एक दाणा आला आणि मी नाचायचीच बाकी! नखानं फोडला तर आत केशरी, म्हणजे जळका नव्हेच. उन्हाळ्यातल्या भेगेतून खाली गेलेला, अलीकडचाच. अशा भेगाळ जमिनीत जळका दाणा मिळाला तरी तो त्याच थरातला आहे हे तुम्ही कसं ठरवता?